पंपापाशी सव्वीस वर्षं

आधी अडचण सांगतो, माणसं मागून येतील.

पडद्यावर एक धबधबा आहे. वर कड्यावर पंप बसवलाय. तो बंद केला की पाणी थांबतं, पाण्यामागचा बोगदा उघडा पडतो आणि बोगद्यातून बेटाच्या पलीकडच्या अंगाला एका झोपडीपाशी निघता येतं. झोपडीत नकाशाचा तुकडा आहे. नकाशाचे एकूण तुकडे चार आणि चारही मिळाल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. पंप हाताने फिरत नाही. नायकाच्या कोटात बोचकंभर सामान आहे. त्यातलं काय वापरायचं, एवढाच प्रश्न.

खेळाचं नाव मंकी आयलंड २. लुकासआर्ट्स या अमेरिकन कंपनीने तो १९९१ साली काढला. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी तो रचला. नायक गायब्रश थ्रीपवुड, होतकरू चाचा, म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर, पण दरोड्यापेक्षा बडबड जास्त. या पंपापाशी मी आणि माझा एक मित्र १९९८ साली अडकलो. जानेवारी २०२४ मध्ये, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, आमच्या घरी आम्ही त्याच पंपापाशी पुन्हा उभे राहिलो. या वेळी सोबत आणखी दोन माणसं होती. त्या दोन संध्याकाळी काय झालं ते इथे जमेल तसं नीट लिहून ठेवतोय, कारण जुन्या खेळांबद्दल आमच्या वयाची माणसं जे बोलतात (त्यात मीही आलो) त्यातलं बरंचसं मला आता पटेनासं झालंय.

माणसं

मी सोलापुरातच वाढलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतो. मोर, कमळ, वेलबुट्टी, हल्ली गिऱ्हाइकाने पाठवलेले कंपनीचे लोगोसुद्धा. मित्र पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक चुकवत नाही. भाचा नववीत, इंग्रजी माध्यमात. चौथे अण्णा.

अण्णा आमचे शेजारी. घरची भाषा तेलुगू, बाहेर मराठी, आणि शिवी द्यायची वेळ आलीच तर कन्नड. चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की जॉबरला हाक. धोटा उडाला, फणी अडली, पट्टा घसरला, की कमरेचा पाना काढून अण्णा मागाखाली. आता सत्तरी ओलांडलीय. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी यात्रेचे पाहुणे भरले होते म्हणून ते आमच्याकडे चहाला आले आणि टीव्हीवर काय चाललंय ते बघत बसून राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. प्रकरणाला जे वळण लागलं ते त्यांच्यामुळे.

१९९८

नवी पेठेतल्या एका क्लासमध्ये आम्ही फॉक्सप्रो, म्हणजे डेटाबेसचं सॉफ्टवेअर, शिकायला जायचो. आठ मशिनं, त्यात रंगीत मॉनिटर एकाच ४८६ कॉम्प्युटरला. रात्री आठनंतर बॅचेस संपल्या की सर ते मशीन आम्हाला द्यायचे, अट एकच: आवाज नको. खालच्या दुकानदाराने तक्रार केली होती म्हणून सरांनी आतल्या स्पीकरची वायरच काढून ठेवली होती. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

खेळ पुण्याहून फ्लॉपीवर आले होते. कॉपी केलेले, अर्थात. तेव्हा खोका, पुस्तिका, काहीच नसायचं. कंपन्यांनी चोरी रोखायला काही कोडी मुद्दाम पुस्तिकेवर बेतलेली असायची. सिएरा नावाच्या कंपनीच्या किंग्ज क्वेस्ट ६ मध्ये, १९९२ चा खेळ, एक कडा चढायचा असतो आणि तो चढायच्या खुणा खोक्यातल्या पुस्तिकेत छापलेल्या. पुस्तिका नाही तर कडा नाही. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. आम्ही कड्याखाली उभं राहून आपलं डोकं कमी पडतंय असं समजत होतो.

फ्लॉपीवरून आठवलं. पहिल्या मंकी आयलंडमध्ये, १९९० च्या, जंगलात एक झाडाचा बुंधा आहे. त्यात डोकावलं की खेळ म्हणतो, २२ नंबरची डिस्क घाला. आमच्याकडच्या फ्लॉप्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मित्राने ठरवून टाकलं की पुण्याच्या पोराने उरलेल्या दिल्याच नाहीत. आठवडाभर दोघांची पत्रापत्री. तो खेळ रचणाऱ्यांचा विनोद होता. अमेरिकेतसुद्धा लोक कंपनीला फोन करून २२ नंबरची डिस्क मागायला लागले, तेव्हा सीडीवरच्या आवृत्तीतून तो काढून टाकला. आम्हाला हे कळलं तोवर पुण्याच्या पोराशी बोलणं बंद झालेलं होतं.

पंपाचं आता. मित्राकडे दोनशे पानी वही होती. प्रत्येक वस्तू, प्रत्येक जागा, कशावर काय लावून पाहिलं, सगळं त्यात. नवनीतच्या डिक्शनरीत पंप, व्हॉल्व्ह, लीव्हर शोधून झालं. फावडं लावलं. गायब्रशच्या कोटातलं जे जे सुचलं ते ते लावलं, नुसता मजकूर येई की असं होणार नाही. तीन महिने. मग सरांनी ते मशीन विकलं आणि विकताना हार्ड डिस्क साफ केली. प्रकरण तिथे थांबलं. मित्राच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की बसली, की आपलं इंग्रजी कच्चं म्हणून आपण अडकलो. पुढच्या वर्षी त्याने स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. हे त्याने मला २०२४ साली सांगितलं, तेही कोड्याचं उत्तर कळल्यावर.

पहिली संध्याकाळ

खेळाची २०१० साली निघालेली नवी आवृत्ती मी विकत घेतली होती. तिच्यात एक बटण दाबलं की नवी रंगवलेली चित्रं जातात आणि १९९१ ची ठिपक्याठिपक्यांची चित्रं येतात, परत दाबलं की परत नवी. इशारे देण्याची सोयही आत आहे. ती वापरायची नाही असं आम्ही ठरवलं. त्याऐवजी मी आधी सगळी उत्तरं वाचून काढली आणि अवघड जागांसाठी चिठ्ठ्या केल्या. एकेका कोड्याला तीन-चार, पहिली मोघम, शेवटची सरळ उत्तर. वीस मिनिटं अडकलं की एक चिठ्ठी उघडायची. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत इन्फोकॉम नावाची कंपनी तिच्या नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या खेळांसाठी अदृश्य शाईत छापलेल्या पुस्तिका विकायची. सोबत एक खास पेन. पेन फिरवलं की पहिला इशारा दिसायचा, धीर धरवेना तर दुसरा, तरी नाही तर तिसरा. सिएराही इशाऱ्यांची पुस्तकं विकायची आणि पैसे लावणारी फोनलाइन चालवायची. उत्तरं हाताशी असली तर हे खेळ एका रविवारात संपतात, अडकून बसलात तर महिनोन्महिने पुरतात. अडकण्यातून आणखी पैसे सुटत असतील तर अडकणं कमी करायची घाई कोणाला असेल? सोलापूरच्या एसटीडी बूथवरून कॅलिफोर्नियाला फोन लावून माकडांबद्दल विचारायचं, तर बूथवाल्यानेच आम्हाला हाकललं असतं.

सुरुवातीचे दोन तास झकास गेले. एक कोडं तर मुद्दाम सांगण्यासारखं.

फॅट बेटावर रस्त्यात एक जुगाराचं चाक आहे. त्यावर जिंकलं तर बक्षिसात एका जंगी पार्टीचं आमंत्रण मिळवता येतं. एकजण सारखा जिंकतो. त्याच्या मागे गेलं की कळतं, गल्लीत एक माणूस लपलाय आणि तो येणारा आकडा आधीच सांगतो. पण फुकट नाही. तो बोटं दाखवून म्हणतो, हे अमुक असेल, तर हे किती? भाचा बेरजा-वजाबाक्या करत बसला. वहीत सारणी काढली, मधला फरक काढला, दुप्पट करून पाहिलं. मित्र त्याला अंकगणिती श्रेढी समजावू लागला. अण्णा चहा पीत होते. तिसऱ्या खेपेला म्हणाले,

“पोरा, तो बोलतोय ते ऐकू नको. बोटं बघ. पहिल्यांदा किती बोटं काढली तेच उत्तर.”

तेच होतं. तोंडाने तो काहीही आकडा म्हणो, पहिल्या वाक्याला जितकी बोटं वर असतात तितकं उत्तर. भाच्याने विचारलं, “अण्णा, कसं काय ओळखलंत?” अण्णा नुसते हसले. मटक्याच्या दिवसांतलं सोलापूर ज्याने पाहिलंय त्याला आकडे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं एवढं कळतं, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

या कोड्यात सगळं समोर मांडलेलं आहे. बोटं आहेत, वाक्य आहे, चुकलात तर लगेच कळतं, पुन्हा विचारता येतं. उत्तर सापडल्यावर भाच्याने कपाळावर हात मारून घेतला आणि लगेच माझ्यावर तोच डाव टाकला. शाळेत नेऊन चारचौघांना अडकवणार हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग पंप आला.

भाच्याचा हात बाराव्या मिनिटाला मोबाइलकडे गेला. मी पाहिलं, त्याने पाहिलं की मी पाहिलं, हात मागे. विसाव्या मिनिटाला पहिली चिठ्ठी: हाताने फिरत नाही, मग कशाने फिरेल?

“पान्याने,” अण्णा लगेच म्हणाले. “नट घट्ट बसलाय. पाना लागेल.”

इथे थांबावं लागेल. कोड्याचा खरा अर्धा भाग, म्हणजे अडचण कसली आहे आणि तिला काय लागेल हे ओळखणं, अण्णांनी एका वाक्यात सोडवला. गिल्बर्ट आणि मंडळींना जे उत्तर हवं होतं तेच: पाना. यात कमी पडायला काही नव्हतं.

“मग घ्या की पाना,” अण्णा म्हणाले.

पाना नव्हता. तीनही बेटं पालथी घातली. दुसरी चिठ्ठी: जे हवं ते स्कॅब बेटावरच्या गुत्त्यात आहे. ब्लडी लिप नावाचा दारूचा अड्डा. पोरं तिथे गेली. भांडी पाहिली, बाटल्या पाहिल्या, पियानो पाहिला. पियानो वाजवायला तिथे एक माकड बसवलंय, जोजो नावाचं, आणि पियानोवर ताल मोजणारा लंबक टकटक हलतोय. लंबकाला केळं अडकवलं की माकड त्या हलत्या केळ्याकडे बघत ताठ होतं आणि उचलून कोटात टाकता येतं. एवढं मित्राला १९९८ मध्येच जमलं होतं, वहीत नोंद होती. पण माकड उचलून त्याचं करायचं काय? आम्ही तेव्हा ते माकड सगळ्या बेटांवरच्या सगळ्या माणसांना देऊन पाहिलं होतं. पंपाला लावायचं मनातसुद्धा आलं नाही. का यावं?

तिसरी चिठ्ठी: इंग्रजीत विचार कर.

भाच्याने कपाळाला आठ्या घातल्या. “पाना म्हणजे स्पॅनर. स्पॅनर… स्पॅन… मामा, पूल आहे का कुठे?”

पोरगं हुशार. चुकीच्या इंग्रजीत हुशार. आपल्याकडे इंग्रजी ब्रिटिशांकडून आलं, आणि ब्रिटिशांकडे पान्याला स्पॅनर म्हणतात. खुद्द इंग्लंडातली पोरंही या पंपापाशी अशीच अडकली होती.

चौथी चिठ्ठी उघडायला एक तास पन्नास मिनिटं लागली, मधला चहा धरून. अमेरिकेत जबडा सरकवता येणाऱ्या पान्याच्या एका जातीला मंकी रेंच म्हणतात. म्हणून माकड घ्यायचं आणि पंपाला लावायचं. माकड हाच पाना.

लावलं. ताठ झालेल्या माकडाने गायब्रशने पंप फिरवला, पाणी थांबलं, बोगदा दिसला. खोलीत कोणी काही बोललं नाही. सव्वीस वर्षांनी कुलूप उघडलं आणि कोणाला हसूसुद्धा आलं नाही.

भाचा म्हणाला, “मामा, हे चीटिंग आहे.”

अण्णा उठले. मला वाटलं कंटाळून निघाले. पाच मिनिटांत परत आले ते फडक्यात गुंडाळलेली जुनी कातडी पिशवी घेऊन. तिच्यातून एक पाना काढून त्यांनी टीपॉयवर ठेवला. मूठ झिजून गुळगुळीत, जबड्याच्या आत काळं तेल बसलेलं, चाकी अजून अंगठ्याने सरकत होती. त्यांनी ती फिरवली, जबडा उघडला, मिटला. मग पाना टीव्हीच्या पडद्याजवळ धरला, ताठ माकडाशेजारी. बराच वेळ दोन्हींकडे बघितलं. जोजोचं डोकं, पुढे आलेले हात. थोडंसं तसं दिसतही होतं, नाही असं नाही.

“ह्याला पाना म्हणतात,” अण्णा म्हणाले. “माकड कुठून आणलं?”

आणि मित्र, इतका वेळ गप्प असलेला, माझ्याकडे वळून म्हणाला, “म्हणजे आपण ढ नव्हतो बे.”

दोष कुठे आहे

मराठीतून बघितलं की हे सरळ कळतं. समजा आपल्याकडे कोणी असाच खेळ केला. नायकाला जुनी बंदूक मिळते, पण तिचा घोडा तुटलाय. नायक तबेल्यात जातो, मालकाला चकवून एक खराखुरा घोडा पळवतो, आणि तो बंदुकीला लावतो. ठो. आपण मराठी माणसं खुर्चीतून पडेपर्यंत हसू. आणि ओहायोतलं एखादं पोर सव्वीस वर्षं त्या बंदुकीपाशी बसेल, स्वतःच्या मराठीला शिव्या देत.

कोटी म्हणून ती वाईट नाही. पण कोटी आणि कोडं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोटी कळली नाही तर माणूस एका हशाला मुकतो, कोडं कळलं नाही तर उरलेल्या अख्ख्या खेळाला. आणि शब्द माहीत नसेल तर कितीही विचार करून तो सुचत नाही. विचाराने नवा शब्द तयार होत नाही. बोटांच्या कोड्यात चुकलेलं उत्तरही काहीतरी शिकवत होतं. पंपाला फावडं लावलं काय, कुत्रा लावला काय, खेळ त्याच थंडपणे नाही म्हणत होता. जवळ आलोय का लांब गेलोय, कळायला मार्ग नाही.

गंमत अशी की रॉन गिल्बर्टला हे सगळं माहीत होतं. १९८९ मध्ये त्याने एक लेख लिहिला होता, असले खेळ वाईट का असतात यावर. मनमानी कोडी नकोत. आधी वस्तू उचलली नाही म्हणून पुढे कायमचं अडकवू नका. मरून शिकायला लावू नका. खेळणाऱ्याचा रोख बरोबर असेल तर त्याला त्याचं फळ द्या. हा लेख आजही जसाच्या तसा लागू पडतो. आणि दोन वर्षांनी त्याच माणसाच्या खेळात माकडाचा पाना झाला. त्याच्या कानाला मंकी रेंच हा शब्द इतका सरावाचा होता की तो शब्द आहे हेच त्याला दिसलं नसावं. अण्णा म्हणाले तसं, घरातल्या मागाचा खडखडाट घरच्यांना ऐकू येत नाही.

तरी गिल्बर्ट बरा, त्याच्या खेळात निदान मागे फिरता येतं. सिएराच्या किंग्ज क्वेस्ट ५ मध्ये, १९९० चा, एका गावात मांजर उंदराचा पाठलाग करत पडद्यावरून पळत जातं. तेवढ्या क्षणात मांजराला बूट फेकून मारायचा. नाही मारला तर काही होत नाही. खेळ चालू राहतो, तुम्ही खूश. पुढे कधीतरी एका सराईच्या तळघरात तुम्हाला बांधून टाकतात आणि तेव्हा दोर कुरतडायला जो उंदीर यायला हवा तो येत नाही, कारण तुम्ही त्याला वाचवला नाही. मेलात. मागची नोंद नसेल तर पहिल्यापासून. आमचा एकच सेव्ह होता, त्याच्यावरच पुन्हा पुन्हा साठवलेला. मित्राने त्या तळघरात दिवाळीची अख्खी सुट्टी घालवली होती. या प्रकाराला अवघड म्हणणं मला मान्य नाही. अवघड गणिताला उत्तर असतं. हे म्हणजे पेपर सुरू होण्याआधीच नापास करून तीन तास लिहू देणं.

१९९९ च्या गेब्रियल नाइट ३ मध्ये मांजराच्या केसांची खोटी मिशी करायची असते, ती पाकाने चिकटवायची, आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही म्हणून त्याच्या पासपोर्टवर मिशी काढायची. त्यावर अधिक लिहवत नाही.

दुसरी संध्याकाळ

पहिल्या दिवसानंतर अण्णा परत येतील असं वाटलं नव्हतं. आले. मग मी खेळ बदलला आणि लूम लावला.

लूम म्हणजे माग. १९९० चा खेळ, त्याच कंपनीचा. ती तेव्हा लुकासफिल्म गेम्स या नावाने खेळ काढायची. रचणारा ब्रायन मोरियार्टी. नायक बॉबिन, विणकरांच्या पंथातला पोरगा. हा खेळ सोलापुरात कोणी खेळत नाही हे मला नेहमी विचित्र वाटत आलंय. यात कोटभर सामान नाही. हातात सूत कातायची एक काठी, तीवर स्वर वाजवायचे. चार स्वरांची एक बांधणी म्हणजे एक जादू. उघडायची, रंगवायची, पीळ घालायची. बांधण्या वस्तूंकडूनच ऐकू येतात, त्या लिहून ठेवायच्या. खोक्यासोबत त्यासाठीच एक पुस्तिका यायची, मोकळ्या रकान्यांची, पेन्सिलीने भरायची. यात मरता येत नाही. कायमचं अडकताही येत नाही. आणि बहुतेक बांधण्या उलट्या वाजवल्या की काम उलटं होतं: उघडण्याची उलटी वाजवली तर बंद.

समुद्रात एक वावटळ वाट अडवते, पाण्याचा फिरता खांब. तिच्यातून चार स्वर ऐकू येतात. भाच्याने लिहून घेतले, तसेच वाजवले. काही नाही. पुन्हा वाजवले. काही नाही.

अण्णा पुढे सरकले. त्यांची बोटं हवेत फिरली, अंगठा आणि तर्जनी, धागा धरल्यासारखी. जॉबर असले तरी लहानपणी घरी कांड्या भरलेला माणूस.

“ह्याला पीळ बसलाय,” ते म्हणाले. “पीळ सोडवायचा तर उलटा फिरवायचा. उलटं वाजव.”

उलटं वाजवलं आणि वावटळ उलगडून मोकळी झाली.

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आदल्या संध्याकाळी, ज्याच्या पिशवीत खरा पाना होता त्याला पान्याचं कोडं सुटलं नव्हतं. इथे खेळ इंग्रजी, अण्णांना त्यातलं एक वाक्य वाचता येत नाही, आणि अडचण त्यांच्या बोटांनी सोडवली. मोरियार्टीने कोडं पिळावर बेतलं, शब्दावर नाही. पीळ सोलापुरातही उलटाच सुटतो.

तरी एक गोष्ट मान्य करतो. जुने खेळाडू लूमला फार सोपा, फार छोटा म्हणतात, आणि भाच्यालाही शेवटी तसंच वाटलं. त्याला बोटवाला जास्त आवडला. अडकवणारच नाही असा खेळ हवा असं माझं म्हणणं नाही.

आठवणीचं काय

दुसऱ्या रात्री सगळे गेल्यावर मी आणि मित्र मंकी आयलंड परत लावून बसलो, जुनी चित्रं लावून. वुडटिक गावातल्या फळ्यांवरून गायब्रशला नुसतं फिरवत होतो. एका घरातून दुसऱ्यात गेलं की वाजतं संगीत तुटत नाही, त्याच सुरात नवं वाद्य मिसळतं. या खेळासाठीच कंपनीने ती यंत्रणा केली होती, आयम्यूज नावाची. मित्र म्हणाला, “काय दिवस होते बे.” आणि मग आम्ही दोघंही थांबलो. कारण हे संगीत आम्ही १९९८ मध्ये ऐकलेलंच नव्हतं. स्पीकरची वायर सरांच्या ड्रॉवरमध्ये होती.

म्हणजे आम्हाला आठवत काय होतं? मी विचारलं, तर त्याने सांगितलं ते असं: रात्री साडेनऊला सर लाइट घालवून बजावायचे ते, खालच्या गाड्यावरची भजी, की-बोर्डला तेल लागू नये म्हणून डाव्या हाताने खायची, ती दोनशे पानी वही, जी कोणाकडे राहिली हे दोघांनाही माहीत नाही, आणि एका खुर्चीवर दोघं. पंप त्यात नव्हता. उंदीरही नव्हता. ते दोन्ही त्याने रागाने, वेगळे सांगितले होते.

आमच्या पिढीचं एक लाडकं वाक्य आहे, तेव्हाच्या खेळांना डोकं लागायचं. मीही ते भाच्याला ऐकवलेलं आहे. आता नाही ऐकवणार. आम्ही तीन महिने डोकं लावलं तिथे डोक्याचा उपयोगच नव्हता, आणि एका पोराने त्यावरून स्वतःला मठ्ठ ठरवून फी भरली. भजी गोड होती म्हणून पंपाला पास करायचं कारण नाही. अर्थात अडकलोच नसतो तर तीन महिने रोज रात्री एका खुर्चीवर बसलो असतो का, हा मित्राचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. बोटवाल्यासारखी वीस कोडी असती तरी बसलो असतो, असं मला वाटतं. त्याला तसं वाटत नाही. तो सकाळच्या गाडीने पुण्याला गेला.

भाच्याने मंकी आयलंड पुढे खेळलेला नाही. बोटांचा डाव मात्र वर्गभर झाला.

अण्णांनी लूम शेवटपर्यंत पाहिला, आणखी दोन संध्याकाळी येऊन. शेवटी त्या खेळात विश्वाचं वस्त्रच फाटतं, माग उलगडून टाकावा लागतो आणि बॉबिन हंस होऊन उडून जातो. पडदा काळा झाला तरी अण्णा उठेनात.

“पुढचा भाग?”

नाही म्हटलं. आणखी दोन खेळ मनात होते, फोर्ज आणि द फोल्ड, पण ते कधी झालेच नाहीत.

“म्हणजे कापड फाटलेलंच ठेवलं?” अण्णा म्हणाले. पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि दारातून पुन्हा विचारलं, “मागावर तसंच सोडून गेले?”